काळी माती, खारं पाणी आणि सिनेमाचा कॅमेरा

जमिनीला पडलेल्या भेगा म्हणजे दुष्काळ, हे समीकरण सिनेमानं आपल्या मनात पक्कं बसवलं आहे. पोस्टरवर भेगाळलेली जमीन, तिच्यावर उकिडवा बसलेला म्हातारा आणि आभाळाकडे बघताना कपाळावर आडवा धरलेला हात एवढं दिसलं, की पुढची गोष्ट आपण न सांगता ओळखतो. पण हे पोस्टर अकोट, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याला दाखवा. मे महिन्यात वावराला भेगा पडल्या नाहीत, तरच त्याला काळजी वाटेल.

वऱ्हाडची काळी माती साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकापासून, म्हणजे बेसॉल्टपासून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाची चिकणमाती भरपूर असते. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की तिला तळहात सहज आत जाईल एवढ्या रुंद आणि कधीकधी हात खांद्यापर्यंत जाईल एवढ्या खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, मृगाच्या सरी आल्या की भेगा मिटतात आणि खालची माती वर ढकलली जाते. जमीन दरवर्षी स्वतःच स्वतःला उलथवते. म्हणून आपल्याकडे ‘जमीन तापली पाहिजे’ असं म्हणतात. इथल्या उन्हाळ्यातली भेग हा कसदार जमिनीचा गुण आहे.

मग वऱ्हाडचा खरा दुष्काळ कसा दिसतो? तो बहुतेक वेळा हिरवा दिसतो. जुलै महिना, टोबलेली सरकी उगवून चार पानांवर आलेली, आभाळ भरलेलं, वारा सुटलेला आणि पाऊस मात्र तीन आठवडे नाही. रोपं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा सावरतात, आणि एक दिवस सावरत नाहीत. मग दुबार पेरणी. दुकानदाराकडे पुन्हा उधारी. त्यानंतर ऑगस्टमध्ये एका रात्रीत एवढा पाऊस, की धुरे फुटतात आणि पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, पिवळी पडते. अकोल्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षाची बेरीज पाहिली तर तो फार कमी वाटत नाही. तो कोणत्या आठवड्यात पडला आणि कोणत्या आठवड्यात पडला नाही, यावर इथलं घर चालतं किंवा बुडतं. आता हे कॅमेऱ्यात धरा. हिरवं शेत आणि वर काळे ढग ही चौकट पाहून मुंबई-पुण्याचा प्रेक्षक म्हणेल, किती सुंदर!

पडद्यावरच्या निसर्गाबद्दल बोलताना ही अडचण आधी समजून घेतली पाहिजे. सिनेमाला घटना लागते. पूर आला, वणवा लागला, वाघानं माणूस मारला, की कॅमेऱ्याला काम मिळतं. जे सावकाश घडतं, जमिनीच्या पोटात घडतं किंवा बोंडाच्या आत घडतं, त्याच्यापुढे कॅमेरा गोंधळतो. आणि वऱ्हाडातलं निसर्गाचं जवळजवळ सगळं कामकाज सावकाश आणि आतल्या आत चालतं.

जून २००६च्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतरच्या चार वर्षांत सिनेमावाल्यांचं शेतकऱ्याकडे एकदम लक्ष गेलं. हिंदीत ‘समर २००७’ आणि ‘पीपली लाइव्ह’, मराठीत ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’, ‘झिंग चिक झिंग’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ असे चित्रपट पाठोपाठ आले. त्यातल्या बहुतेकांत शेत ही मागची बाजू होती. समोर होता तो सावकार, पुढारी, टीव्हीचा वार्ताहर किंवा सरकारी बाबू. माणसाच्या अन्यायाची गोष्ट सांगणं सोपं जातं, कारण अन्याय करणाऱ्याला तोंड असतं, संवाद असतात.

सतीश मनवर यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये वेगळी वाट धरली. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलकाच्या मनात भीती बसते, की आपला किस्नाही तेच करील. सोनाली कुलकर्णीची अलका नवऱ्याच्या मागे पोराला पाळतीवर लावते, त्याला एकटं सोडत नाही, त्याच्या प्रत्येक हालचालीचा भलताच अर्थ काढते. गिरीश कुलकर्णीचा किस्ना मात्र पेरणीच्या आणि पावसाच्या हिशोबात गुंतलेला असतो. मला या चित्रपटात सगळ्यांत मोलाची वाटते ती त्याची वाट पाहण्याची पद्धत. पाऊस इथे प्रसंग होऊन येत नाही. तो घरातल्या माणसासारखा आहे, कधी येईल सांगता येत नाही आणि आला की धड वागेल याचा भरवसा नाही. घरातली बाई नवऱ्याकडे बघते, नवरा आभाळाकडे बघतो, आणि या दोन नजरांच्या मधल्या जागेत चित्रपट घडतो. २००९ साली तो रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. वऱ्हाड-विदर्भाच्या पावसाचा स्वभाव त्याच्याइतका नेमका पडद्यावर आलेला मला तरी दुसरा माहीत नाही.

पावसाचंच निघालं आहे तर थोडं तंत्राबद्दल सांगायला हवं, कारण निसर्ग पडद्यावर कसा दिसतो हे बऱ्याचदा तंत्रच ठरवतं. खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. थेंब पारदर्शक असतात, वेगानं पडतात, आणि ढगाळ उजेडात सगळंच करडं होऊन जातं. पाऊस दिसावा म्हणून त्याच्या मागून प्रकाश टाकावा लागतो, तेव्हा थेंब चमकतात. म्हणून सिनेमातला पाऊस बहुधा टँकरचा असतो, उंचावर लावलेल्या फवाऱ्यांतून पाडलेला, खऱ्यापेक्षा जाड थेंबांचा. आपल्या हिंदी चित्रपटांनी हा टँकरचा पाऊस प्रेमाच्या गाण्यांसाठी एवढा वापरला, की पडद्यावर पाऊस म्हटला की भिजलेली नायिका आठवते. ज्याला खरंच पाऊस दाखवायचा आहे, त्याला आधी या सवयीशी झगडावं लागतं. काळ्या मातीचंही तसंच. ती प्रकाश गिळते. उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा नीट दिसेल असा कॅमेरा लावला, तर त्याच्या पायाखालची ओली काळी जमीन नुसता काळा डाग होऊन बसते. लाल माती किंवा पिवळी माती पडद्यावर खुलते, काळीसाठी कष्ट घ्यावे लागतात.

पिवळ्या मातीवरून चीन आठवतो. १९८४ साली चेन कायगे या तरुण दिग्दर्शकानं ‘यलो अर्थ’ काढला. उत्तर शान्शी प्रांतातलं पिवळ्या मातीचं पठार, १९३९ चा काळ, कोरडवाहू गहू-बाजरीची शेती. छायाचित्रण झांग यिमौचं होतं, जो पुढे स्वतःच मोठा दिग्दर्शक झाला. त्यानं एक साधी गोष्ट केली. क्षितिजरेषा चौकटीच्या अगदी वर नेली. आभाळ म्हणजे वरच्या कडेला एक चिंचोळी पट्टी, बाकी सगळा पडदा जमिनीनं भरलेला आणि त्यात माणूस एका कोपऱ्यात ठिपक्याएवढा. गावातले पुरुष पावसासाठी देवाला साकडं घालतात तो प्रसंग पाहताना आपल्याकडची धोंडी आठवल्याशिवाय राहत नाही. या एका चित्रपटानं चिनी सिनेमात जमिनीला पात्राचा दर्जा दिला.

त्याच झांग यिमौनं ‘ओल्ड वेल’ या चित्रपटात नायकाचं काम केलं. दिग्दर्शक वू तिआनमिंग. १९८७ मध्ये तोक्योच्या महोत्सवात हा चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरला आणि अभिनयाचं पारितोषिकही झांगला मिळालं. ताइहांग डोंगरातल्या एका गावात पिढ्यान्‌पिढ्या विहिरी खोदल्या जातात, त्यात माणसं मरतात आणि पाणी लागता लागत नाही, एवढंच कथानक. नाव विहिरीचं आहे, पण विषय आहे खडक. कोणत्या थराखाली पाणी असेल याचा अंदाज, भूगर्भाचं जुजबी शिक्षण घेऊन गावात परतलेला तरुण, खड्ड्यात सुटणारा सुरुंग. चित्रपटाच्या शेवटी गावाच्या फसलेल्या विहिरींची आणि त्यात गेलेल्या माणसांची नावं कोरलेला दगड दिसतो. जमिनीच्या आत काय आहे हे कॅमेऱ्याला दिसत नसेल, तर जमिनीनं माणसांचं काय केलं याची यादी दाखवावी, ही त्या दिग्दर्शकाची युक्ती होती आणि ती लागू पडली.

आता हाच प्रश्न आपल्या खारपाण पट्ट्याला लावून पाहू. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणारी पूर्णा. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मोठा भंग आहे. त्याच्या दक्षिणेची जमीन खाली बसली आणि तिच्यावर लाखो वर्षं नद्यांनी गाळ आणून टाकला. तो गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. माती बारीक, निचरा कमी, ऊन कडक. वर ओढलेलं पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून जास्त प्रदेश असा आहे. इथल्या विहिरीत, बोअरमध्ये पाणी असतं. ते पिता येत नाही, त्यात डाळ शिजत नाही, आणि ते पिकाला सतत दिलं तर जमीन दगडासारखी घट्ट होते. पाण्यावर तरंगणाऱ्या पट्ट्यात कोरडवाहू शेती करायची, असा हा पेच आहे.

मराठीत पाण्यावर चांगले चित्रपट झाले आहेत. आदिनाथ कोठारे यांच्या ‘पाणी’ला पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीत एका तरुणानं गावाला सोबत घेऊन पाणी अडवलं, त्याची ती खरी गोष्ट. मराठवाड्याच्या त्या गोष्टीत विहीर आधी कोरडी असते आणि शेवटी भरते. प्रेक्षकाला डोळ्यांनी फरक दिसतो. खारपाणात विहीर आधीही भरलेली आणि शेवटीही भरलेलीच. खारं पाणी आणि गोड पाणी पडद्यावर एकसारखं चमकतं. म्हणून कोणी हा विषय घेत नसेल, असं मला वाटतं. पण दिसण्यासारखं इथे खूप आहे. धुऱ्यावर उन्हाळ्यात उमटणारी पांढरी पापडी, विहीर दारात असताना हंडे घेऊन नळाच्या तारखेची वाट पाहणाऱ्या बाया, शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर जपून भिजवलेला हरभरा, आणि चूल पेटून तास झाला तरी टणक राहिलेली तूरडाळ. ‘ओल्ड वेल’च्या दिग्दर्शकाला हे गाव मिळालं असतं, तर त्यानं त्या डाळीपाशीच कॅमेरा लावला असता.

दुसरा विषय वाघाचा. पावसानंतर विदर्भाच्या निसर्गातलं सिनेमाला दिसलेलं दुसरं पात्र तेच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघीण, जिला लोकांनी अवनी म्हटलं, तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली. देशभर गदारोळ झाला. २०२१ च्या जूनमध्ये अमित मसुरकर यांचा ‘शेरनी’ आला. त्यानं नाव बदललं, ठिकाण मध्य प्रदेशात नेलं, पण कोणत्या घटनेवरून सुचला हे आपल्याला सांगावं लागत नाही.

‘शेरनी’ मला आवडतो तो वाघिणीमुळे नाही. तसं पाहिलं तर वाघीण त्यात फार वेळ दिसतही नाही. खरा वाघ चित्रीकरणात वापरणं आता शक्यच नाही, कारण वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबट्या यांच्या खेळांवर केंद्र सरकारनं १९९०च्या दशकात घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये कायम ठेवली. त्यामुळे पडद्यावरचा वाघ संगणकावर घडतो. मसुरकरांनी या मर्यादेचा फायदा करून घेतला. वाघीण दिसत नाही म्हणून आपण तिच्या वाटेकडे बघतो. ही वाट कुठे तुटली? मधे तांब्याची खाण आली. गावाची गुरं जंगलात का जातात? चराईच्या जागेवर सागाची लागवड झाली. विद्या बालनची वनाधिकारी आणि विजय राजचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक हे सगळं एकेक करून उलगडत जातात. वाघ माणूस मारतो या घटनेच्या मागे वीस वर्षांचा जमीनवापर असतो, हे लोकप्रिय हिंदी सिनेमात एवढं स्वच्छ क्वचितच सांगितलं गेलं. शेवट संग्रहालयातल्या भुसा भरलेल्या प्राण्यांवर होतो आणि तो शेवट बरोबर आहे.

आपल्या उंबरठ्यावर मेळघाट आहे. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला हा एक. क्षेत्र २,७६८ चौरस किलोमीटर. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्यांचं पाणी इथून तापीकडे जातं. सागाचं पानगळी जंगल, उन्हाळ्यात पार उघडं पडणारं. कान्हा-ताडोबासारखं मोकळं गवताळ मैदान आणि त्यात आरामात चालणारा वाघ असं दृश्य इथे सहसा मिळत नाही. डोंगर, दऱ्या, दाट रान. पर्यटकाला वाघ दिसला नाही तर तो नाराज होतो, आणि कॅमेरावाल्यांचंही तेच. त्यामुळे ताडोबाच्या वाघांच्या फिल्म ढिगानं आहेत आणि मेळघाट राहून गेला. मेळघाट आपल्याला कळला तो बराचसा मारुती चितमपल्लींसारख्या माणसांच्या लिहिण्यातून, कारण लेखणीला उजेड लागत नाही आणि वाघ समोर यायची गरजही पडत नाही.

मेळघाट पडद्यावर येतो तो बातमीतून, आणि बातमी कुपोषणाची असते. कोरकू माणूस म्हणजे रोडावलेलं मूल आणि डोळे खोल गेलेली आई. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. याच जंगलातून बोरी, कोहा, कुंड ही गावं उठवून अकोटकडे वसवली गेली. पुढे आणखी गावं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. त्यातले काही लोक सांगितलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुन्हा जुन्या जागी जंगलात परतले आणि २०१९ च्या जानेवारीत त्यावरून चकमक झाली. वाघासाठी गाव उठवणं योग्य की अयोग्य, यावर एका ओळीत निकाल देता येत नाही. गाव उठल्यावर त्या जागेवर गवत येतं, चितळ-सांबर येतात, वाघ येतो, हे दिसलेलं आहे. आणि उठलेल्या घरातली म्हातारी सपाटीवरच्या उन्हात मोहाचं झाड शोधते, हेही खरं आहे. एवढा मोठा संघर्ष ज्या गोष्टीत आहे, ती गोष्ट अजून कोणी सिनेमावाल्यानं उचलली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि आता मुख्य मुद्दा. आपल्या सिनेमात पावसाचा चित्रपट वेगळा आणि वाघाचा चित्रपट वेगळा. एकात शेतकरी, दुसऱ्यात वनाधिकारी. वऱ्हाडात मात्र ही एकच गोष्ट आहे. चिखलदऱ्याच्या डोंगरावर अकोल्याच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. तो जंगलात मुरतो, झिरपतो आणि वान, शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांनी दक्षिणेला सपाटीवर उतरतो. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडाजवळ वान नदीवर धरण आहे. त्या पाण्यावर अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजना चालते. अंजनगाव-दर्यापूरच्या बाजूला शहानूर धरणाचं पाणी जातं. म्हणजे खारपाणातल्या घरात ज्या दिवशी नळाला गोड पाणी येतं, ते वाघाच्या जंगलातून आलेलं असतं. वान हे अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचाच भाग आहे. या धरणांच्या पाण्यावर शेतीचा हक्क किती, पिण्याचा किती, कोणत्या तालुक्याला किती, यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात. कॅमेरा डोंगरावरच्या झऱ्यापासून निघाला आणि पाण्यासोबत चालत पूर्णेपर्यंत आला, तर शंभर किलोमीटरच्या आत त्याला वाघ, कोरकू, धरण, अभियंता, संत्र्याची बाग, खारी विहीर आणि पऱ्हाटी एका ओळीत भेटतील.

संत्र्याचा उल्लेख आला म्हणून वरुडबद्दल. वरुड-मोर्शीच्या संत्र्यावर आपण अभिमानानं बोलतो. ती बाग जमिनीतल्या पाण्यावर उभी आहे आणि ते पाणी उपशाला पुरं पडत नाही. भूजलाच्या सरकारी मोजणीत वरुड तालुका वर्षानुवर्षं अतिशोषित गटात राहिला. २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव आणि अंबाजोगाईबरोबर वरुडही होता. आमिर खान आणि किरण राव यांची ही संस्था, म्हणजे सिनेमाचीच माणसं. त्यांनी या विषयावर मोठा चित्रपट काढला नाही. त्यांनी गावकऱ्यांना शिकवण्यासाठी छोट्या फिल्म बनवल्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं अडवायचं, समतल चर कसा आखायचा, माती वाहून कशी जाते, हे पडद्यावर पाहून लोकांनी फावडं हातात घेतलं. चर खोदून भूजलाचा सगळा प्रश्न सुटत नाही. बोअर किती खोल न्यायचं आणि बागेला पाणी किती द्यायचं हा पुढचा प्रश्न उरतोच, आणि तो जास्त अवघड आहे. तरीही सिनेमाच्या भाषेनं वऱ्हाडच्या जमिनीत प्रत्यक्ष काही बदललं असेल, तर ते त्या साध्या शिकवणीच्या फिल्मांनी, असं मी मानतो.

लोकांना असलं गंभीर काही बघायला आवडत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. ज्या अमरावतीत राजकमल चौक आणि चित्रा चौक टॉकीजच्या नावानं ओळखले जातात, तिथे सिनेमाच्या धंद्याचं गणित समजावून सांगायची गरज नाही. ‘सी. पी. बेरार’ हा प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, पण चित्रपट वितरकांच्या वहीत ते नाव आजही चालतं आणि त्या वितरणाचं मोठं केंद्र अमरावतीच राहिलं. तर गणितानंच बोलू. २०१६ मध्ये चीनमध्ये स्टीफन चाउचा ‘द मर्मेड’ आला. विनोदी, धमाल, थोडा बटबटीत प्रेमपट. त्यात एक धनाढ्य बिल्डर समुद्रात भराव टाकतो, मासे हाकलायला पाण्यात यंत्रांचा कर्कश आवाज सोडतो आणि त्यामुळे जलपऱ्यांची वस्ती मरणाला टेकते. या चित्रपटानं तीन अब्ज युआनहून जास्त धंदा केला आणि त्या वेळचा चीनमधला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. समुद्राची नासधूस हाच त्याचा विषय होता आणि लोक हसत-रडत तो बघायला गेले.

त्याहून आश्चर्य २०२२ मधल्या ‘रिटर्न टू डस्ट’चं. ली रुइजुन यांचा हा चित्रपट कान्सू प्रांतातल्या एका गरीब, नकोशा जोडप्याचा. गहू पेरायचा, मातीच्या विटा पाडायच्या, घर बांधायचं, गाढवाला जपायचं. नवरा गव्हाचे दाणे बायकोच्या हातावर फुलासारखे दाबून ठसा उमटवतो, एवढंच काय ते प्रेमदृश्य. ली यांनी तो ऋतूंबरोबर वर्षभर चित्रित केला, कारण गहू दिग्दर्शकासाठी घाई करत नाही. या चित्रपटानं दहा कोटी युआनचा टप्पा ओलांडला. पुढे तो तिथल्या संकेतस्थळांवरून काढून टाकला गेला.

आपल्याकडेही याचं बी आहे. अवनी गेली त्याच महिन्यात, १६ नोव्हेंबर २०१८ ला ‘नाळ’ प्रदर्शित झाला. सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे छायाचित्रकार. त्यांनी विदर्भातलं नदीकाठचं गाव एका पोराच्या उंचीवरून दाखवलं. त्यातला चैत्या म्हणजे अमरावतीचा श्रीनिवास पोकळे. त्याला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘नाळ २’ साठी पुन्हा मिळाला. नदी, वाळू, गुरं, झाडं त्या पोराच्या आयुष्यात नुसती असतात, ती कुठल्या समस्येचं चिन्ह म्हणून येत नाहीत. आणि चित्रपट चालला. आपल्या बोलीतलं, आपल्या उन्हातलं चित्र लोक तिकीट काढून बघतात.

माहितीपटवाल्यांनी तर ही मेहनत आधीच करून ठेवली आहे. मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ हा २०११ चा माहितीपट यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंग टाकळीत कपाशीचा एक अख्खा हंगाम पाठीशी राहून काढला गेला. नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’ला शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींत पेरणीपासून वेचणीपर्यंतची जमीन दिसते. पण २०१७ मधली बोंडअळीची गोष्ट त्यांच्यानंतरची. देशात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली होती. पंधरा वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. ही अळी कॅमेऱ्याला चकवणारी आहे. ती कोवळ्या बोंडात शिरते आणि बोंड वाढताना तिनं पाडलेलं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी पोखरलेली. पण तिच्या आधी एक खूण असते. फुलाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल मिटलेल्या गुलाबासारखं राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. ती तोडून हलक्या हातानं उघडली की आत अळी दिसते. डोमकळी उघडणारी शेतकऱ्याची बोटं आणि त्या क्षणी त्याचा चेहरा, एवढ्या दोन चौकटींत अख्ख्या वर्षाचा हिशोब मावतो. त्यासाठी टँकरचा पाऊस लागत नाही आणि संगणकावरचा वाघही लागत नाही.

लागतो तो वेळ. वऱ्हाडची गोष्ट पंधरा दिवसांच्या शेड्यूलमध्ये मिळणार नाही. भेगा मे महिन्यात, टोबणी मृगात, खंड जुलैत, डोमकळी पोळ्याच्या आगेमागे, वेचणीच्या आरंभीची सीतादहीची पूजा दिवाळीच्या सुमारास, आणि धुऱ्यावरची पांढरी पापडी परत उन्हाळ्यात. जो कोणी कॅमेरा घेऊन येईल त्यानं मृगापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम सरेपर्यंत, मुक्काम करण्याच्या तयारीनं यावं. राहण्या-जेवण्याची सोय गावात होईल. पिण्याचं पाणी मात्र नळाच्या तारखेला भरून ठेवावं लागेल.